मराठी रहस्यकथांच्या पहिल्या आवृत्त्या : संग्रहाच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२४

बंद होत असलेल्या एका वाचनालयातून ६४ पुस्तके आली, चार गोण्यांत. सगळ्या रहस्यकथा आणि हेरकथा. बऱ्याचशा बाबूराव अर्नाळकरांच्या, काही गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांच्या, बाकीच्यांचे लेखक आज कुणाच्या फारसे लक्षात नाहीत. काम एकच: यांतल्या किती प्रती खरोखर पहिल्या आवृत्तीच्या आहेत ते ठरवायचे आणि ते कशावरून म्हटले याची नोंद ठेवायची.

आत ‘प्रथमावृत्ती’ छापले आहे एवढ्यावर विसंबता येत नाही. दुसऱ्या प्रकाशकाने जुनी कादंबरी घेतली की तोही आपल्यापुरती ‘पहिली आवृत्ती’ छापून मोकळा होतो. शिल्लक राहिलेल्या जुन्या फॉर्मांना (छापून घडी घातलेल्या, पण न बांधलेल्या पानांच्या जुड्यांना) काही वर्षांनी नवे मुखपृष्ठ चढवले जाते, तेव्हा आतला मजकूर पहिल्या छपाईचा असतो आणि बाहेरचा अंगरखा नंतरचा. शिवाय बऱ्याच स्वस्त कादंबऱ्यांत आवृत्ती, मुद्रक, प्रकाशक ही माहिती शीर्षकपानामागे नसून मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला असते. वाचनालयाच्या बाइंडरने मुखपृष्ठ काढून टाकले की ती माहिती गेलीच.

गोण्या व्हरांड्यातच उघडल्या. घरातल्या कपाटाजवळ एकही पुस्तक नेलेले नाही. तीन पुस्तकांवर वाळवीची माती आहे, बऱ्याच प्रतींच्या पुठ्ठ्यावर कसरीने आणि झुरळांनी खळ खरवडून खाल्ल्याच्या खुणा आहेत. मऊ, रुंद ब्रशने बाहेरची धूळ पाठीकडून बाहेर अशी झाडली. ओले फडके कुठेही लावले नाही. नॅफ्थलीनच्या गोळ्या वापरायच्या नाहीत. त्यांची वाफ पुस्तकाला आणि माणसाला दोघांनाही वाईट, आणि वास वर्षानुवर्षे जात नाही. पुस्तके उन्हात वाळत घालायची सवय तर सोडूनच द्यावी. दोन दुपारीत मुखपृष्ठावरचा लाल रंग फिका पडतो, आणि अशा कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावर लाल रंगच जास्त असतो.

५ जून

गोठवणी सुरू केली. पाऊस लागायच्या आत हे होणे महत्त्वाचे, कारण दमट पुस्तक पिशवीत बंद केले तर कीड मरण्याआधी बुरशी धरते.

पद्धत अशी. पुस्तके आधी दोन दिवस पंख्याखाली, कोरड्या खोलीत उभी ठेवली. मग दहा-दहा पुस्तकांचा एक गठ्ठा, वरखाली टीपकागद, जाड पॉलिथिनच्या पिशवीत. हवा हाताने दाबून काढली आणि तोंड चिकटपट्टीने दोनदा बंद केले. अशा सहा पिशव्या, सातवी चार पुस्तकांची. घरगुती डीप फ्रीझर उणे १८ अंशांपर्यंत जातो, म्हणून मुदत दोन आठवड्यांची धरली. उणे २० किंवा त्याखाली जाणारे यंत्र असेल तर आठवडा पुरतो.

इथे चूक होते ती मोजण्यात. दिवस फ्रीझरचे झाकण लावल्यापासून मोजायचे नाहीत. कागद उष्णता सावकाश सोडतो. एका पिशवीच्या मधोमध थर्मामीटरची तार ठेवली आणि तिथे उणे १८ दिसल्यावर पहिला दिवस धरला. फ्रीझर ठासून भरला तर हाच आकडा यायला फार वेळ लागतो. वीज मध्येच काही तास गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. अर्धवट थंडीत अंडी तग धरतात.

२२ जून

पिशव्या काल सकाळी बाहेर काढल्या आणि पूर्ण एक दिवस बंदच ठेवल्या. पिशवीच्या बाहेरून पाणी सुटले, आतून नाही. घाईने उघडल्या असत्या तर तेच पाणी कागदावर बसले असते.

पहिली विभागणी: ४१ पुस्तके वाचनालयाने नव्याने बांधलेली, मूळ मुखपृष्ठ नाही. १४ पुस्तकांचे मुखपृष्ठ पुठ्ठ्यावर चिकटवलेले, म्हणजे दर्शनी बाजू शिल्लक पण आतली बाजू खळीखाली गेलेली. ९ मूळ स्थितीत, तारेच्या पिना आणि कागदी मुखपृष्ठासह. सगळा जोर या ९ आणि १४ वर.

वाचनालयाच्या बांधणीचा नमुना बहुतेकांत सारखा: तिन्ही कडा मशीनवर कापलेल्या, पाठीकडून भोके पाडून जाड दोऱ्याने बाजूची शिलाई, वर निळा-हिरवा पुठ्ठा, पाठीला कापड. क्राऊन अष्टपत्री पुस्तकाची उंची साधारण साडेअठरा सेंटिमीटर हवी, कापलेल्या प्रती साडेसतराच्या आसपास येतात. एक सेंटिमीटर गेला तो समासाचा. काही प्रतींत पृष्ठांक अर्धे कापले गेले आहेत.

तीन पुठ्ठ्यांच्या आतल्या सांध्याला हिरवट डाग आहेत. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत, त्याचा हा रंग. कीड खरेच दूर राहते, पण तांब्याच्या क्षारांनी लगतचा कागद लवकर कुजतो. त्या सांध्याला शेजारच्या पानापासून वेगळा ठेवायला आम्लरहित कागदाची पट्टी मध्ये घातली.

२९ जून

प्रत्येक प्रतीसाठी एक कार्ड. त्यावर काय उतरवायचे ते ठरले, आणि याच क्रमाने: शीर्षकपानावरचा मजकूर ओळीओळीने, शुद्धलेखनासकट जसाच्या तसा, मालेचे नाव आणि ‘पुष्प’ क्रमांक, मुद्रक-प्रकाशकाची ओळ, किंमत आणि ती कशी छापली आहे, पत्ता, पृष्ठसंख्या, फॉर्मांचा हिशेब, उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये, मुखपृष्ठाच्या चारही बाजू, जाहिराती, शिक्के.

‘पुष्प ७ वे’ हा मालेतला क्रमांक असतो, आवृत्तीचा नव्हे. विक्रेत्यांच्या यादीत ‘सातवी आवृत्ती’ असे वर्णन आलेली प्रत कधीकधी पहिल्या आवृत्तीचे सातवे पुष्प असते. स्वस्तात चांगली प्रत हाती लागण्याची ही एक वाट आहे.

फॉर्मांचा हिशेब कंटाळवाणा वाटतो, पण गहाळ पाने त्यातूनच कळतात. सोळा पृष्ठांचा एक फॉर्म. प्रत्येक फॉर्मच्या पहिल्या पृष्ठाच्या तळाशी बारीक आकडा, कधी सोबत पुस्तकाच्या नावाचे आद्याक्षर. मजकूर १ पासून असेल तर हे आकडे १७, ३३, ४९, ६५, ८१ या पृष्ठांवर सापडले पाहिजेत. कार्ड क्रमांक २३ ची कथा ९२ व्या पृष्ठावर ‘समाप्त’ शब्दाने संपते आणि पुस्तकही तिथेच संपते. पण सहा फॉर्म म्हणजे ९६ पृष्ठे. दोन पाने, चार पृष्ठे, कुणीतरी काढली आहेत. ती बहुधा जाहिरातींची. ९५-९६ चे पान ८१-८२ ला आणि ९३-९४ चे ८३-८४ ला जोडलेले असते. जुजबंदी (फॉर्मांची घडीतून केलेली शिवण) शाबूत असती तर घडीत कापलेली कड दिसली असती. इथे पाठच मशीनवर कापली असल्याने काही उरलेले नाही. वाचणाऱ्याचे काही गेले नाही. संग्राहकाचा पुरावा गेला. कार्डावर ‘मजकूर पूर्ण, प्रत अपूर्ण’ असे लिहिले.

७ जुलै

किमती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे. म्हणून ‘१२ आणे’ छापलेली प्रत त्या तारखेआधी छापली असे साधारण धरता येते. ‘७५ न. पै.’ (नये पैसे) छापले असेल तर १९५७ नंतर. आणि १ जून १९६४ पासून ‘नये’ शब्द गळून नुसते ‘पैसे’ राहिले. अशी सात वर्षांची खिडकी एका छोट्या अक्षरजोडीतून मिळते.

जुन्या पद्धतीचे अपूर्णांक वाचता आले पाहिजेत. ‘किं. १॥ रु.’ म्हणजे दीड रुपया, ‘१।’ म्हणजे सव्वा, ‘१॥।’ म्हणजे पावणेदोन. एका सूचीत ‘१॥’ ची किंमत ‘११ रु.’ अशी उतरवलेली पाहिली. दोन दंडांना एक समजून केलेली चूक. स्कॅन करून मजकूर ओळखणारी यंत्रेही इथे हटकून घसरतात, तेव्हा किंमत नेहमी डोळ्यांनी वाचून हाताने लिहायची.

कार्ड ९ वर छापील ‘१२ आणे’ आणि त्यावर जांभळ्या शाईचा ‘७५ न. पै.’ असा रबरी शिक्का. ही नवी आवृत्ती नव्हे. १९५७ आधी छापलेला माल त्यानंतर विकला गेला, एवढाच अर्थ. शिक्का पुसायचा प्रयत्न करू नये. जांभळी शाई खोडरबराने फिसकटते आणि खाली कागदाचा पापुद्रा निघतो.

आणे-पैशांवरून उलट अनुमान मात्र जपून. प्रकाशक ठशाचा जुना ब्लॉक तसाच वापरतात, आणि मुखपृष्ठाच्या ब्लॉकमध्येच किंमत खोदलेली असेल तर ती पुनर्मुद्रणातही तशीच येते. किंमत हा एक साक्षीदार, निकाल नव्हे.

१४ जुलै

पत्ता आणि शुद्धलेखन.

सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून. ‘मुंबई ४’ म्हणजे गिरगाव, तेच पुढे ‘मुंबई ४०० ००४’. ‘पुणे ३०’ चे ‘पुणे ४११ ०३०’ झाले. ‘प्रथमावृत्ती १९६५’ आणि पत्त्यात सहा अंक, असे एकाच पानावर दिसले की पान नंतर छापले आहे. आपल्या ६४ मध्ये अशी दोन पुस्तके निघाली. दोन्हींत मजकूर जुन्या जुळणीचा (छपाईसाठी एकदा लावलेल्या खिळ्यांच्या मांडणीचा) वाटतो, शीर्षकपान तेवढे नवे. याच्या उलट, पिनकोड नाही म्हणून पुस्तक १९७२ आधीचे ठरत नाही. प्रकाशक जुना पत्ता बरीच वर्षे चालवत.

शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ चे. त्याआधीच्या जुळणीत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘तें’, ‘केलें’, ‘मुंबईंत’ असे अनुस्वार भरलेले. खिळे जुळवणाऱ्याला जुनी सवय पटकन सोडता येत नाही, म्हणून १९६२ नंतरही काही वर्षे सरमिसळ दिसते. पण ‘प्रथमावृत्ती १९४८’ म्हणणाऱ्या पुस्तकात एकही अनुच्चारित अनुस्वार नसेल तर ती जुळणी बहुधा १९४८ ची नाही. हा पुरावा बनावट करणे अवघड, कारण त्यासाठी सगळे पुस्तक पुन्हा जुळवावे लागेल. म्हणून आमच्या कार्डावर शुद्धलेखनाला किमतीपेक्षा जास्त वजन आहे. प्रत्येक प्रतीतून पृष्ठ १७ च्या पहिल्या दहा ओळी जशाच्या तशा उतरवायच्या, म्हणजे दोन प्रती समोरासमोर न आणताही जुळणी एकच आहे का ते कळते. ओळ जिथे तुटते तो शब्द महत्त्वाचा. नवी जुळणी असेल तर दहा ओळींत कुठेतरी ओळ वेगळ्या शब्दावर मोडतेच.

काही पुस्तकांत ‘अि, अी, अु, अे’ अशी सावरकरी स्वरखडी दिसते. तीही उतरवताना ‘इ, ई, उ, ए’ करून टाकायची नाही.

शके दिले असेल तर चैत्र ते डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुनपर्यंत ७९. महिना दिला नसेल तर दोन्ही सने लिहायची: शके १८६८ म्हणजे १९४६-४७.

२१ जुलै

आर्द्रता. बाहेर सतत नव्वदीत; कपाटात ६८ टक्के. ६५ च्या वर बुरशीला वाट मोकळी होते, म्हणून आज कपाटातली सगळी पुस्तके घट्ट झाकणाच्या डब्यांत हलवली. दर डब्यात २०० ग्रॅम नारिंगी खूण असलेली सिलिका जेल आणि एक छोटे आर्द्रतामापक. लक्ष्य ५० च्या आसपास; फार खाली नेले तर आधीच ठिसूळ झालेला न्यूजप्रिंट वळवताच मोडतो. जेलचा रंग पालटला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास. मायक्रोवेव्हमध्ये दाणे तडकतात.

वेखंडाच्या पुरचुंड्या कोपऱ्यात ठेवल्या आहेत. पोथ्यांच्या कपाटात पूर्वापार ठेवतात त्याच. पुस्तकाला टेकवायच्या नाहीत, तेलकट डाग पडतो.

११ ऑगस्ट

बाहेरच्या पुराव्याचा आठवडा.

१८६७ च्या मुद्रण आणि ग्रंथनोंदणी कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक होते. ‘हे पुस्तक अमक्यांनी तमक्या छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले’ ही बारीक टाइपातली ओळ त्यातूनच आली. संग्राहकांचे या एका कलमाने फार भले केले आहे: शीर्षकपान गेले तरी ही ओळ शेवटच्या पृष्ठाच्या तळाशी सापडू शकते. (हा कायदा १ मार्च २०२४ पासून गेला. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा नियतकालिकांपुरता आहे, पुस्तके त्यातून वगळली गेली आहेत. पुढच्या पिढीतल्या संग्राहकांचे काम त्यामुळे अवघड होणार.)

त्याच कायद्याखाली मुंबई इलाख्याची त्रैमासिक ग्रंथयादी निघत असे. तिच्या रकान्यांत पुस्तकाचे नाव, लेखक, मुद्रक, प्रकाशक, छापखान्यातून बाहेर पडल्याची तारीख, पृष्ठे, आकार, कितवी आवृत्ती, किती प्रती आणि किंमत. आपल्याला हवे ते सगळे एका ओळीत. अडचणी दोन. यादी इंग्रजीत, मराठी शीर्षके रोमन अक्षरांत, आणि एकाच शब्दाची तीन-तीन स्पेलिंगे. म्हणून शीर्षकाने शोधू नये. आधी छापखाना, मग पृष्ठसंख्या आणि किंमत जुळवावी. दुसरी अडचण अशी की नोंद उशिरा झालेले पुस्तक पुढच्या तिमाहीत सापडते, आणि ज्यांनी नोंदणीसाठी प्रत पाठवलीच नाही ते कुठेच सापडत नाही. नोंद नाही म्हणजे आवृत्ती नाही, असा अर्थ काढू नये.

शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० असे दोन कालखंड देते. चाळिशीतल्या रहस्यकथांसाठी पहिला आधार हाच. १९५० नंतर हा आधार संपतो, आणि अर्नाळकरांच्या बाबतीत तिथेच खरी अडचण सुरू होते. गिनीजच्या नोंदीनुसार १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने आल्या. एवढा डोंगर दात्यांच्या सूचीविना चढायचा तर प्रकाशकांच्याच जाहिरातींतून यादी बांधावी लागते.

१ सप्टेंबर

जाहिराती. या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच, असे आता ठामपणे म्हणता येते.

मलपृष्ठावर, त्याच्या आत आणि शेवटच्या फॉर्मच्या उरलेल्या पृष्ठांवर प्रकाशकाने आपल्या पुस्तकांची यादी दिलेली असते. तीत तीन प्रकारचे शब्द येतात: ‘प्रसिद्ध झाली’, ‘छापत आहे’ आणि ‘आगामी’. हे तीन शब्द वेगवेगळे उतरवायचे. समजा, एका यादीतले पुस्तक ‘आगामी’ आहे आणि त्याच पुस्तकाची तारीख दुसऱ्या प्रतीवरून १९४९ कळली, तर ती यादी त्याआधी छापली. यादीत १९५३ चे पुस्तक ‘प्रसिद्ध झाली’ खाली असेल, तर ते पृष्ठ १९५३ आधीचे असूच शकत नाही, मग शीर्षकपान काहीही म्हणो.

कार्ड ३१ आणि कार्ड ५२ ही एकाच कादंबरीची दोन पुस्तके. दोन्हींत ‘प्रथमावृत्ती’, एकच सन, एकच किंमत, एकच पृष्ठसंख्या. पृष्ठ १७ च्या दहा ओळी तंतोतंत जुळतात, इतक्या की आठव्या ओळीतला तुटका ‘ळ’ दोन्हीकडे आहे. म्हणजे एकच जुळणी, आणि बहुधा एकच छपाई. पण ३१ च्या मलपृष्ठावर सोळा शीर्षके आहेत, ५२ च्या मलपृष्ठावर सत्तावीस. जास्तीच्या अकरांतले एक आपल्याकडेच आहे, शीर्षकपानावरच्या सनाप्रमाणे चार वर्षांनंतरचे. कागदही वेगळा: ३१ चे मुखपृष्ठ पातळ, आतून करडे, ५२ चे जाडसर. उलगडा साधा आहे. पहिल्या छपाईचे न शिवलेले फॉर्म गोदामात राहिले, चार वर्षांनी त्यांना नवे मुखपृष्ठ लागले. दोन्ही प्रती पहिल्या आवृत्तीच्या, पण पहिली बाहेर पडली ती ३१. कार्डावर ३१ ला ‘पहिली आवृत्ती, पहिले मुखपृष्ठ’ आणि ५२ ला ‘पहिली आवृत्ती, नंतरचे मुखपृष्ठ’ असे लिहिले. ५२ दिसायला कितीतरी देखणी आहे. कुणी दोन्ही समोर ठेवून एक निवड म्हटले तर दहातले नऊ जण तीच उचलतील.

बाइंडरने मलपृष्ठ काढून फेकले असते तर या दोन प्रतींत फरक करणे अशक्य होते.

वाचनालयाच्या शिक्क्यांचेही तसेच. संग्राहक शिक्क्यांवर नाक मुरडतात, पण दाखल तारखेचा शिक्का म्हणजे ‘या दिवशी ही प्रत अस्तित्वात होती’ असा दाखला. जाहिरात सांगते याआधीची नाही, शिक्का सांगतो यानंतरची नाही. कार्ड १७ मध्ये हे दोन्ही मिळून छपाई चौदा महिन्यांच्या आत बसते. शिक्का मारलेली प्रत यापुढे नाकारायची नाही.

२२ सप्टेंबर

बाहेरून विकत घ्यायला आलेली एक प्रत तपासली आणि परत केली. मुखपृष्ठ कलर झेरॉक्स होते.

तपासणी दहापट भिंगाने. त्या काळच्या लेटरप्रेस (खिळे-ठसे दाबून छापलेल्या) मुखपृष्ठावर ठशाचे ठिपके एका ठराविक जाळीत बसतात, प्रत्येक ठिपक्याच्या कडेला दाबाने सरकलेल्या शाईचे गडद वर्तुळ दिसते, आणि अक्षरांचा उठाव मागून बोटाला लागतो. ऑफसेटचे ठिपके सपाट, कडेला वर्तुळ नाही. लेझर प्रतीत टोनर कागदाच्या वर बसून चमकतो आणि मोकळ्या जागेतही बारीक काळे कण उडालेले दिसतात. इंकजेटचे ठिपके जाळीविना विखुरलेले. परत केलेल्या प्रतीत आणखी एक खूण होती: मूळ मुखपृष्ठावरची घडी या प्रतीत छापून आली होती, कागदाला घडी नव्हती.

मग अतिनील टॉर्च, ३६५ नॅनोमीटरचा. कागदाला पांढरेपणा आणणारी रसायने १९५० च्या आसपासपासून रूढ झाली. चाळिशीतला म्हणून दाखवलेला कागद अंधारात निळसर पांढरा झगमगला तर तो त्या काळचा नाही. उलट, कागद झगमगत नाही म्हणून जुना, असे मात्र नाही. साधा न्यूजप्रिंट आजही झगमगत नाही. टॉर्च काही सेकंदच धरायचा.

आपल्या ६४ पुस्तकांत शिल्लक असलेल्या २३ मुखपृष्ठांपैकी एकही बनावट नाही.

६ ऑक्टोबर

पिना. मूळ स्थितीतल्या ९ पैकी ६ प्रतींच्या तारा गंजल्या आहेत आणि गंज तीन-चार पानांत उतरला आहे. गंज असलेला कागद वाळलेल्या पानासारखा तुटतो, म्हणून तारा काढणेच बरे.

पक्कड लावून ओढायचे नाही. पिनेचे दुमडलेले पाय ज्या बाजूला आहेत ती वर घेतली. पायाखाली पॉलिएस्टर फिल्मचा बोटभर तुकडा सरकवला, म्हणजे हत्यार कागदाला लागत नाही. पातळ स्पॅच्युलाने एकेक पाय हळूहळू सरळ उभा केला. गंजाने तार बहुधा वाकवतानाच तुटते, तुटू द्यावी. उरलेला तुकडा मागच्या बाजूने चिमट्याने सरळ रेषेत काढावा. तिरका ओढला की भोकाची फाटलेली रेघ होते. एका प्रतीला पाऊण तास लागला. भोकाभोवतीची गंजाची पूड कोरड्या ब्रशने झाडली, डाग तसाच ठेवला.

भोकांपाशी फाटलेल्या पानांना पातळ जपानी टिशू, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत अर्धा तास, थंड झाल्यावर गाळून. बाजारातली तयार खळ किंवा पांढरा गोंद नको. गोंद पुढे सुटत नाही. खळ टिशूला लावायची, पानाला नाही, आणि जितकी कमी तितके बरे. वर न चिकटणारा पॉलिएस्टरचा कापडी तुकडा, मग टीपकागद, मग वजन, रात्रभर. मग त्याच जुन्या भोकांतून सुती दोऱ्याने सैलसर शिवण. नवे भोक एकही नाही. काढलेल्या तारा कार्ड क्रमांक लिहून छोट्या पाकिटात. तारेची जाडी आणि पिनांमधले अंतर हाही एकाच छापखान्याच्या दोन प्रती जुळवायचा मार्ग आहे.

जुनी पारदर्शक चिकटपट्टी चार मुखपृष्ठांवर आहे. पिवळी पडून सुटायला लागलेली तेवढी उचलली. घट्ट बसलेली तशीच ठेवली, कारण ओढली तर छापील रंग तिच्यासोबत येतो. मुखपृष्ठे ५० मायक्रॉन पॉलिएस्टरच्या आवरणात घातली. स्टेशनरीच्या दुकानातली पीव्हीसी आवरणे वर्षभरात शाई ओढून घेतात.

२० ऑक्टोबर

खरेदीची आमची पट्टी. पाया धरला आहे मूळ मुखपृष्ठासह, न कापलेली, पूर्ण प्रत. मुखपृष्ठ पुठ्ठ्यावर चिकटवलेले असेल तर निम्मी किंमत. मुखपृष्ठ नसेल पण जाहिरातींची पाने असतील तर चौथा हिस्सा. दोन्ही नसेल तर रद्दीच्या भावापेक्षा थोडे जास्त, आणि तेही मजकूर दुर्मीळ असेल तरच. शिक्के, नावे, शाईच्या सह्या यांसाठी काही वजा करायचे नाही. दुरुस्त केलेल्या प्रतीत दुरुस्ती लपवली असेल तर घ्यायची नाही.

१७ नोव्हेंबर

६४ चा निकाल. पहिली आवृत्ती निश्चित: १९. बहुधा पहिली, म्हणजे विरुद्ध पुरावा नाही पण बाहेरची नोंद मिळालेली नाही: ११. नंतरच्या आवृत्त्या: २७. ठरवता न येणाऱ्या: ७. मूळ स्थितीतल्या ९ पैकी ८ चा निकाल ठाम लागला. ठरवता न आलेल्या सातही प्रती वाचनालयाने बांधलेल्या ४१ पैकी आहेत.

ओळखीच्या तीन रद्दीवाल्यांना सांगून ठेवले आहे की सुटी मुखपृष्ठे आणि पुस्तकातून निखळलेली जाहिरातींची पाने फेकू नका, किलोने नाही तर नगाने घेऊ. पहिले पाकीट काल आले. अकरा मुखपृष्ठे, त्यांतली दोन त्या सातपैकी दोन पुस्तकांची. एकाच्या आतल्या बाजूला मुद्रकाची ओळ पूर्ण आहे, छापखाना शेवटच्या पृष्ठावरच्या नावाशी जुळतो, आणि किंमत ‘१।’ रुपया. पण मुखपृष्ठाची उंची १८४ मिलिमीटर आणि कापलेल्या पुस्तकाची १७५. हे मुखपृष्ठ दुसऱ्याच प्रतीचे आहे. ते पुस्तकाला जोडायचे नाही. वेगळ्या आवरणात, त्याच डब्यात, कार्ड क्रमांक ४४-अ.